खाते : इतर

देगलूरला कोर्टासमोर, खताच्या दुकानावर
एक जिना, चार टेबलं
आणि प्रिंटर एक. तोही हप्त्यावर.
आधी बिस्किटाचा डबा होता शेजारी :
ज्यानं जेवढी पानं काढली, त्यानं तेवढी चिल्लर टाकायची.
दिवाळीला उघडला, तर दोनशे चौदा रुपये
आणि बोधनच्या बसचं एक तिकीट.
टोनरचं बिल साडेतीन हजार.

तेव्हापासून कोड आले.
चिद्रवार वकील शून्य एक,
टॅक्सवाले मुबीनभाई शून्य दोन,
मोजणीचे मठपती शून्य तीन.
मी शून्य चार : टायपिंग, अर्ज, शपथपत्र,
आणि अक्षर बरं म्हणून सगळ्यांचा हिशोब.

काळं पान पंच्याऐंशी पैसे.
असं कसं, पद्मिनबाई?
असं : कागद बावन्न,
भुकटी एकवीस (नांदेडचा पोरगा भरून देतो, कंपनीची परवडत नाही),
ड्रम, हप्ता, लाईट मिळून बारा.
रंगीत सात रुपये.
मठपती म्हणाले, नदी निळीच पाहिजे का?
त्या दिवसापासून त्यांच्या नकाशात
मन्याड काळ्या तुटक रेघेनं वाहते.

यंत्राकडे सगळी नोंद. वेळ, कोड, फायलीचं नाव, पानं.
जे मला कळायला नको ते महिनाअखेर कळतं :
शून्य एकनं तेरा तारखेला एकच नोटीस अकरा वेळा काढली,
दर वेळी रक्कम थोडी कमी.
शून्य दोनच्या फायलीचं नाव 'अंतिम', मग 'खरंच अंतिम', मग 'या अल्लाह'.
शून्य तीननं रात्री साडेआठला मुलीचा बायोडाटा काढला, रंगीत,
आठ दिवसांनी पुन्हा, उंची एक इंच वाढवून.
मी पानं मोजते.
उंची मोजत नाही.

मार्चला मीटर म्हणालं चार हजार सहाशे बारा.
कोडांची बेरीज चार हजार पाचशे एकाहत्तर.
एकेचाळीस पानं कुणाचीच नाहीत.
चौतीस रुपये पंच्याऐंशी पैसे.
वकीलसाहेब म्हणाले, प्रश्न पैशाचा नाही.
म्हणजे होताच.
मुबीनभाईंनी पन्नासची नोट काढली, ती कुणी घेऊ देईना.
"म्या काऊन काढू?" मठपती.
मग थोडा वेळ पंखाच फिरला,
आणि कुणीतरी हळूच म्हणालं :
संध्याकाळी पोचीराम एकटाच असतो.

पोचीराम फडकं पिळत म्हणाला,
"मला तं त्याचं झाकनबी धड लावता येत न्हाई."

रात्री सगळी यादी काढून बसले. काढून म्हणजे पडद्यावर.
भुकटी भरल्यावर नांदेडच्या पोरानं काढलेली चाचणीची पानं, आठ.
'हिशोब मार्च', दोन पानं, चौघांना चार प्रती.
वकीलसाहेबांची हरकत. 'हिशोब मार्च दुरुस्त'.
मुबीनभाईंची हरकत.
मठपतींची तर दशांशावर.
चार वेळा आठ, बत्तीस.
मोजण्याचीच पानं मोजायची राहिली होती,
आणि ती काढणारी मीच.

तरी एक उरलं.
एकवीस तारीख, सायंकाळी सात दहा, काचेवरून झेरॉक्स.
झेरॉक्सला कोड लागत नाही.
प्रिंटर पुढं ओढला. भिंतीकडं, वायरींच्या गुंत्यात
घडी न पडलेला एक कागद :
फडक्याची वीण, राखाडी,
आणि तिच्यावर चार बोटं, अर्धा तळवा.
काच पुसताना हिरवं बटण दाबलं गेलं असेल.
दचकून हात काढेपर्यंत
यंत्रानं तो छापलाही असेल.

चाळीस पानं चौघांत, प्रत्येकी साडेआठ रुपये.
एक पान शून्य चारच्या नावे.
हे यंदा छापलं नाही. हातानं लिहिलं,
त्याच कागदाच्या पाठकोऱ्या बाजूला,
आणि खिळ्याला लावलं.

पंखा लावला की कागद उलटतो.
वकीलसाहेबांनी चष्मा वर केला : हे काय?
मठपती जवळ गेले, बराच वेळ पाहिलं.
"बांध तर दिसतायत," म्हणाले,
"गट नंबर कुठंय?"

पोचीराम टेबलाखालची फरशी पुसत होता.
तिथं तो जरा जास्तच वेळ पुसत राहिला.